चौकटीत न मावलेले मणी

"दारू पितोस का रे तू?"

रेगे सरांनी माझ्या कागदांची चळत टेबलावर आपटली आन् पयला सवाल हाच केला. आपटली तसे वरचे चार कागद उडून फरशीवर. मी गोळा करायला वाकलो, तर म्हणाले, "राहू देत ते. आधी उत्तर दे."

"न्हाई सर. तंबाखू खातो. ती बी कॉलेजच्या भाईर."

"मग हे काय काढून ठेवलंयस?"

"मणी हाईत सर."

"मणी?" सरांनी एक कागद दोन बोटांत धरून उजेडाकडं केला, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा. "मगदूम, ह्याला तुम्ही फॉर्म भरायला दिले होते की रांगोळ्या काढायला?"

मगदूम मॅडम माझ्या शेजारी उभ्या. वडलांचं पोटाचं ऑपरेशन झालं हुतं, त्यांच्यापाशी बारा दिवस काढून त्या सकाळीच मिरजेहून आल्या हुत्या. डोळ्यांखाली काळं झालेलं. हळूच म्हणाल्या, "सर, मी अजून बघितलेले नाहीत."

"मग बघा. आणि पीएच.डी.ची मोजणी शिपायाकडून करून घ्यायची पद्धत कुठल्या विद्यापीठात आहे तेही सांगा."

ही गोष्ट त्र्याऐंशी सालातली. शुक्रवार हुता. वार एवढ्यासाठी ध्यानात हाय की सोमवारी माझं काय ते ठरायचं हुतं.

माझं नाव रेवाप्पा लाटणे. शिक्षण चौथी, ती बी मास्तरांनी दया केली म्हणून. अकरा वर्षं इचलकरंजीत माग चालवला. मग मालकानं माग भंगारात घातले आन् आम्ही वीस माणसं रस्त्यावर. मेव्हण्याच्या वशिल्यानं मी कॉलेजात चिकटलो, वनस्पतीशास्त्राच्या लॅबमधी, रोजंदारीवर. काचा धुवायच्या, पाणी भरायचं, पोरांनी फोडलेलं गोळा करायचं. अशी तीन वर्षं काढल्यावर मला कायम करायचा कागद निघाला आन् रेगे सरांच्या टेबलावर यून बसला. विभागाचे साहेब तेच. सोमवारी त्यांनी सही केली तर मी कायम, न्हाई केली तर म्हयना संपला की घरी. घरात पाच लेकरं. दुसरं काम बघावं तर हाताला मागाशिवाय काय येत न्हवतं, आन् माग कुठं उरले हुते?

आन् त्या कागदाच्या शेजारीच माझी ही रांगोळी पडली हुती.

आता ती रांगोळी कुठनं आली ते सांगतो.

मगदूम मॅडम पीएच.डी. करत हुत्या भाकरीवरच्या बुरशीवर. खरं सांगतो. शिळी भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठिवायच्या. तिसऱ्या दिवशी तिला कापसासारखं पांढरं सूत फुटायचं. ते सूत चिमट्यानं उचलून काचेच्या पट्टीवर घ्यायचं, जांभळा रंग चढवायचा आन् मायक्रोस्कोपखाली बघायचं. मी आल्या आल्या म्हणलं हुतं, "मॅडम, आमच्याकडं ह्या भाकरीला उकिरड्यावर टाकत्यात, तुम्ही तिला डॉक्टर करायला निघालाय." लई हसल्या हुत्या. रेंदाळकडच्या शेतकऱ्याची लेक. मला अहोजाहो करायच्या आन् चहा स्वतःच्या हातानं ओतून द्यायच्या.

वडलांचं ऑपरेशन ठरलं आन् मॅडम अडचणीत आल्या. साठ काचा मोजायच्या राहिलेल्या, तारीख तोंडावर आलेली. एक दिवस मला म्हणाल्या, "रेवाप्पा, बसा इथं. एका डोळ्यानं बघा, दुसरा उघडाच ठेवा."

बसलो. पयल्यांदा माझ्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू दिसाया लागलं.

"काय दिसतंय?"

"सूत हाय मॅडम. आन् सुतात मणी ओवल्यात."

"ते मणी म्हणजे केंद्रकं. पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो. तुमच्या-माझ्या अंगात, झाडाच्या पानात, बहुतेक पेशींत एकेकच असतं. एका खोलीत एक कारभारी. ह्या बुरशीच्या घरात भिंतीच नाहीत. एक लांब नळी, नळीत रस, आणि त्या एका रसात शेकड्यानं कारभारी."

"मग भांडत न्हाईत?"

"तेच तर बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "मणी गोल दिसला तर तो स्वस्थ आहे. लांबट झाला किंवा मधून फुटताना दिसला, तर एकाचे दोन होतायत. बुरशी थंडीत ठेवली की सगळे थांबतात. परत उबेत आणली की किती वेळानं फुटायला लागतात, ते मी मोजतेय."

मोजायची पद्धत रेगे सरांनी घालून दिलेली. छापील फॉर्म. प्रत्येक काचेवर तीन सुतं, हिरकणीनं, म्हंजी काच कोरायच्या पेन्सिलीनं, गोल खूण करून ठिवलेली. एका सुताला एक चौकट. सुताच्या टोकाचे दोन-तीन मणी बघायचे, फुटत असले तर बरोबरची खूण, नसले तर फुली. झालं काम. सगळा विभाग असंच मोजायचा. पण मॅडम एवढ्या घाईत हुत्या की टोकाचे दोन-तीनच बघायचे हे मला सांगायचं राहून गेलं. सूत बघा आन् खूण करा, एवढंच म्हणाल्या आन् मिरजेची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी मायक्रोस्कोप ओढला, आरशात उजेड घेतला आन् पयलं सूत बघितलं. पयला मणी गोल. दुसरा गोल. तिसरा लांब, मागावरच्या धोट्यासारखा दोन्ही टोकांना निमुळता. चौथा फुटून दोन झालेला. पाचवा गोल. सहावा गोल. सातवा परत लांब.

आता चौकटीत काय घालू? बरोबर का फुली?

विचारायचं कुणाला? मॅडम दवाखान्यात. सरांच्या खोलीत शिरायची माझी टाप न्हाई. दुसरं सूत बघितलं, तर तिथं बी तसंच. मग मी म्हणलं, जाऊ दे, चौकटीत मावत न्हाई तर पाठीमागं लई जागा हाय. फॉर्म उलटा केला, आडवी रेघ मारली आन् एकेक मणी जसा हाय तसा काढत सुटलो. गोल असंल तर गोल, लांब असंल तर लांब, फुटका असंल तर दोन ठिपके. मॅडम आल्या की त्याच ठरवतील.

बारा दिवस हेच केलं. सकाळी काचा धुवायच्या आन् दुपारी मणी काढायचे. मागावर असताना मला एक खोड लागली हुती. कापड तपासणारा गडी कडंचं हातभर कापड बघायचा, पास म्हणायचा आन् पुढं जायचा. मग व्यापाऱ्याकडं मधल्या पन्ह्यात तुटका धागा निघायचा आन् शिव्या मला. तवापास्नं मी आपलं आपण सगळं कापड काठापास्नं काठापर्यंत बघायचो. अकरा वर्षांची खोड, कॉलेजात आलो म्हणून सुटती व्हय?

तर ती ही चळत. साठ कागद. बाकी शुक्रवारचं सांगितलंच.

"ऐक," रेगे सर म्हणाले. आवाज चढवला न्हाई, त्यांची तशी सवय न्हवती. "एका नळीत आहेत सगळे. एकच रस, एकच ऊब, एकच अन्न. मग एक फुटतोय आणि त्याला चिकटून असलेला झोपलाय, असं होईलच कसं? एक तर रंग चढलेला नाही, नाहीतर तू टपरीवर बसून हे रेखाटलंयस. सोमवारी अकरा वाजता मला फॉर्म हवेत. पुढच्या बाजूनं भरलेले. एक सूत, एक खूण. त्यानंतर तुझ्या कागदाचं बघू."

भाईर आल्यावर मी मॅडमना म्हणलं, "चुकलं मॅडम. तुम्ही सांगा, आजच्या आज खुणा करून टाकतो."

त्यांचं ध्यान न्हवतं. व्हरांड्यात उभ्या राहूनच कागद चाळत हुत्या. मधेच थांबून विचारलं, "रेवाप्पा, खरं सांगा. हे तुम्हाला असंच दिसलं?"

"डोळ्याशपथ."

"सगळ्या काचांवर?"

"काही काचांवर सगळेच गोल हुते, त्या थंडीतल्या. बाकी सगळ्यांवर मिसळ."

त्या तडक लॅबमधी गेल्या. पदर खोचला, पयली काच लावली आन् माझा कागद शेजारी ठिवून बघत बसल्या. मी बादली घेऊन फरशी पुसाया लागलो. अर्धी फरशी झाली, सगळी झाली. परत एकदा पुसली. बाई उठंनात.

"रेवाप्पा."

"जी."

"सात नंबरचा मणी लांब आहे. आठवा गोल आहे. दोघांत केसाएवढं अंतर नाही." डोळा मायक्रोस्कोपला लावूनच बोलत हुत्या. "रंग कमी चढला असता तर ह्या बाजूचे सगळेच फिके दिसले असते. हे फिके नाहीत. गोल आहेत ते चांगले ठसठशीत गोल आहेत."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही टपरीवर बसला नव्हतात."

मला जरा धीर आला. पण बाईंचा चेहरा काय खुलला न्हाई. उठल्या, कोपऱ्यातला पत्र्याचा डबा आणला. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'खराब'. ज्या काचा बिघडल्या त्या मॅडम ह्या डब्यात टाकायच्या आन् मी आठवड्याला सोड्याच्या पाण्यात धुऊन परत वापरायला द्यायचो. मॅडम न्हवत्या म्हणून ह्या खेपेचा डबा धुवायचा राहिला हुता. आत अकरा काचा.

एकेक काच लावली. एकेक बघितली. अकराव्या काचेनंतर खुर्चीत मागं टेकल्या.

"मिसळ?" मी विचारलं.

"मिसळ." मग म्हणाल्या, "सुताच्या टोकाला एक फुटका आणि एक गोल दिसला की मी म्हणायचे, रंग बिघडला. सरांनीच सांगितलं होतं, असं दिसलं तर काच खराब समजा. अडीच वर्षं मी खराब म्हणून टाकत गेले, रेवाप्पा. उरल्या त्या आपोआपच सारख्या दिसल्या. त्याच्यावर माझा प्रबंध उभा आहे."

"आन् मी त्या धुतल्या."

"तुम्ही धुतल्यात. कधी बघितल्या नाहीत?"

"तवा मला बघायला कुठं येत हुतं मॅडम!"

ह्याच्यावर त्यांना हसू आलं आन् हसता हसताच डोळं पुसलं. मी बादली उचलून भाईर गेलो. बाईमाणूस रडत असल्यावर आपण काय तिथं उभं राहायचं?

परत आलो तर त्या सरळ बसलेल्या. म्हणाल्या, "असं करा. तुम्ही फॉर्म भरून टाका, सर म्हणतात तसे. तुमची सही अडायला नको. माझं मी बघेन."

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. शेवंता भाकऱ्या थापत हुती. ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आन् म्हणाली, "मग भरा की फॉर्म. खुणाच करायच्यात न्हवं? बुरशीची कोण फिर्याद घिऊन येतंय?"

"पण खोटं हाय ना ते."

"मागावर असताना कवा खोटं बोलला न्हाईसा?"

"बोललो असंन. पण वाईट कापडाला चांगलं म्हणून सही न्हाई केली कवा."

तिनं तव्यावरची भाकरी परतली. मी आपलं सांगतच हुतो, की सर म्हणत्यात एकाच रसात हाईत तर सगळे एकदमच फुटाय पायजेत, सरांचं बी काय चूक न्हाई, मला बी ते कोडंच वाटतंय. तर ही मधेच म्हणाली, "ह्यात कसलं आलंय कोडं? आपली पाच बी एकाच आमटीवर वाढली. महादूचे दुधाचे दात पडाया लागले तवा सुमीला याया लागले हुते. मधल्याचा एक पडला आन् दुसरा वरीसभर हललाच न्हाई. मी काय सगळ्यांना एकदम म्हणाले हुते व्हय, पाडा रे दात?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"काय बघताय? जेवा. आन् काय करायचं ते करा, पण सोमवारी तोंड पाडून घरी येऊ नका. पडलेलं तोंड मला बघवत न्हाई."

शनिवारी सकाळी लॅब उघडली तर मॅडम माझ्या आधी दारात. म्हणलं, "मॅडम, मी फॉर्म भरणार न्हाई."

"मला वाटलंच होतं," म्हणाल्या. "म्हणून मी एक युक्ती करून आलेय." पिशवीतनं चिकटपट्टी काढली. "वीस काचा घेते. त्यांच्या नंबरांवर ही पट्टी लावते आणि पत्त्यांसारख्या पिसते. तुम्ही परत काढा. कुठली काच कुठली ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. मग पट्ट्या काढून जुन्या कागदांशी लावून बघू."

"म्हंजी तुमचा बी इस्वास न्हाई."

"रेवाप्पा, माझा माझ्यावर राहिलेला नाही. तुमचं काय घेऊन बसलात?"

शनिवार गेला, रयवार गेला. मी काढत गेलो, त्या खिडकीत बसून बुरशीचीच कसली तरी जुनी पुस्तकं वाचत हुत्या. मधनं मधनं काय तरी विचारायच्या. शेजारशेजारचे दोन एकदम फुटलेले दिसतात का कुठं? म्हणलं, कुठं दिसतात, कुठं न्हाई, काय नेम न्हाई. नुकते एकाचे दोन झालेले, ते तरी पुढं बरोबर चालतात का? म्हणलं, ते कसं कळणार, ही तर रंगवून मेलेली. त्यावर म्हणाल्या, "जिवंत बघायला मिळालं असतं तर!" आन् असं म्हणताना बारक्या पोरीसारखं तोंड झालं त्यांचं. प्रबंध पाण्यात गेला, बाप दवाखान्यात, आन् ह्या बाईला जिवंत मणी बघायचेत. मला बी मग ते याड लागलं. ह्या दहाव्या मण्याला कुणी सांगितलं, थांब म्हणून? नवव्याला कुणी सांगितलं, चल? रस तर तोच.

रयवारी संध्याकाळी पट्ट्या काढल्या. वीस काचा, साठ सुतं. सहा-सात मण्यांचा फरक सोडला तर जुनं आन् नवं सारखं.

सोमवारी अकराला दोघं सरांच्या खोलीत. मी दोन चळती ठिवल्या. मॅडमनी सगळं सांगितलं, डब्याचं बी सांगितलं. काय बी लपवलं न्हाई. सर चष्मा काढून पुसत ऐकत हुते.

"म्हणजे जुन्यावरून नवं उतरवलं," ते म्हणाले.

"सर, जुने कागद माझ्या घरी होते," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या घरी. ज्यांचा प्रबंध आहे त्यांच्या घरी." सर उठले. "चल रे."

लॅबमधी यून त्यांनी स्वतः साठातल्या तीन काचा उचलल्या. खिशातला रुमाल काढला, फाडून नंबरांवर बांधला. एवढा चांगला रुमाल! जुने कागद काखेत धरले आन् माझ्या पाठीशी उभे राहिले. "काढ."

पयल्या सुताचे मणी तीन येळा चुकलो, परत पयल्यापास्नं मोजले. सरांचा श्वास मानेवर जाणवत हुता. मग जरा वेळानं सर हाईत हे इसरलो. सूत पुढं सरकत गेलं, मणी येत गेले. गोल, गोल, लांब.

पयली काच झाली. सरांनी गाठ सोडून नंबर बघितला, जुना कागद काढला, दोन्ही शेजारी धरले. दुसरीला बी तसंच केलं. तिसऱ्या काचेला मातूर त्यांनी कागदावर बोट ठिवलं.

"हा नववा. तेव्हा तू लांब काढला होतास. आता दोन ठिपके काढलेस. मेलेला मणी बारा दिवसांत फुटला का?"

मी परत डोळा लावला. नीट बघितलं. स्क्रू अर्धा केस फिरवला, परत बघितलं. मला दिसत हुतं की चूक कबूल केली तर मेलो आन् लांबच हाय म्हणालो तर खोटा.

"सर, दोनच हाईत. तवा मी चुकलो."

"का चुकलास?"

"दिवस कलला असंल. आरशात उजेड कमी पडतो मग. मधली चीर दिसली नसंल."

"मग जुन्या कागदात लांब होता, आता लांबच काढायचास. चूक उघडी पडली नसती."

"जुना कागद तुमच्या काखेत हुता सर. आन् माझ्या ध्यानात बी न्हाई. दोन हजारावर मणी काढल्यात मी, कुणाकुणाला ध्यानात ठिवू?"

सरांनी कागद मॅडमच्या हातात दिले आन् मला म्हणाले, "ऊठ."

मी उठलो. म्हणलं, संपलं.

सर माझ्या स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर ढकलला, डोळा लावला आन् नवव्या मण्यावर आले. मग दहाव्यावर. अकराव्यावर. एवढ्यात हापिसातला कारकून आला, "सर, तो लाटण्याचा कागद—" सरांनी नुसता हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. कारकून गेला. सर बघतच हुते. काच बदलली. परत बदलली. बारा वाजले, घंटा झाली, भाईर पोरांचा गोंधळ झाला, थांबला.

तुमचा जीव त्या कागदात अडकलाय, म्हणून सांगून टाकतो. सही मंगळवारी झाली. मी पुढं एकोणतीस वर्षं त्याच लॅबमधी नोकरी केली आन् पेन्शन घेतोय. मॅडमना सगळं नव्यानं मोजायला लागलं, अडीच वर्षं गेली ती गेलीच. त्याचा मला अजून बी जीव तुटतो. पण सोमवारी दुपारी त्या खोलीत, खरं सांगतो, माझ्या बी मनात कागद उरला न्हवता.

सरांनी डोळा काढला तवा डोळ्याभोवती लाल वळ उठलेलं.

"मगदूम, टोकाचे दोन-तीन मणी बघायचे, हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच सर. एकोणसत्तर साली."

"हं." सरांनी चष्मा परत डोळ्यावर घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, आन् असं म्हणाले की जसं मॅडमशी बोलतात तसं, "रस एकच आहे रेवाप्पा. मग ह्यांना वेगवेगळी वेळ कोण सांगतं?"

शेवंताचं दातांचं तोंडावर आलं हुतं. पण ते काय उत्तर न्हवं, ते नुसतं तसंच दुसरं कोडं. म्हणलं, "मला न्हाई म्हाईत सर."

"मलाही नाही," रेगे सर म्हणाले.

तीन वर्षांत त्यांच्या तोंडनं असलं काय मी ऐकलं न्हवतं. मॅडमनी बी ऐकलं नसणार, कारण त्यांनी कागदांवरनं मान वर केली.

सर स्टुलावरनं उठले. बाजूची खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं आन् एक कोरा कागद मांडीवर घेतला. "माझे डोळे आता एवढे चालत नाहीत. बस तू. तू बघ, मी लिहितो. टोकापासून नको, मधूनच कुठूनतरी सुरू कर."

मी बसलो. आरशात उजेड घेतला. दुपारचा उजेड, एकदम सपष्ट.

"गोल," म्हणलं.

"गोल," सरांनी लिहिलं.

"गोल. लांब. गोल. हा फुटलाय सर, दोन झाल्यात."

"थांब, थांब. एवढी घाई नको," रेगे सर म्हणाले. "कितवा?"